पाऊस डोंगराचा, पाणी पायथ्याचे



वसंत व्याख्यानमाला हे नाव मोठे गोड आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली. तिकडे वसंतातल्या संध्याकाळी गार वारा सुटतो, मोगऱ्याचा वास येतो, आणि अशा वेळी चार शहाण्या गोष्टी ऐकाव्यात असे माणसाला वाटणे साहजिक आहे. आपल्याकडे वसंत फक्त पंचांगात येतो. मोहाची फुले वेचून होतात न होतात तोच अंगणातला दगड चटके देऊ लागतो. तरीही आपण सर्व मंडळी दिवसभराचा ताप सोसून या मांडवात आलात, याचे आम्हांला फार कौतुक वाटते. श्रोत्यांचा हा उत्साह वक्त्याने फार वेळ ताणू नये हे आम्ही जाणून आहोत.

डोंगरातल्या एखाद्या लहानशा, आडबाजूच्या गावाच्या हवामानावर बोलावे, अशी संयोजकांची सूचना होती. अशी सूचना आली म्हणजे वक्ते सहसा सिमल्याला नाहीतर महाबळेश्वरला जातात. आमच्या मनात मात्र दुसरेच गाव आले. या मांडवातून उठून आपण दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिलो, तर माणिकगडच्या डोंगराची काळी रेघ दिसते. त्या रेघेच्या पलीकडे, घाट चढून गेल्यावर, पठारावर आणि दऱ्याखोऱ्यांतून विखुरलेली वस्ती आहे आणि तिच्या मध्यावर जिवती नावाचे छोटे गाव आहे. या शतकाच्या आरंभी राजुऱ्यातून वेगळ्या निघालेल्या तालुक्याचे ते ठाणे. त्याच्या पुढे तेलंगणाची हद्द. इतकी आडबाजू, की तिथल्या चौदा गावांवर दोन्ही राज्ये आपला हक्क सांगत आली, आणि लोकांच्या हाती दोन-दोन शिधापत्रिका पडल्या. दोन सरकारे लाभलेल्या त्या गावांना पुरेसे पाणी मात्र एकाही सरकारकडून मिळाले नाही.

आमचा आजचा विषय तोच आहे. हिमालयातला माणूस माणिकगडला डोंगर म्हणणार नाही. किल्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर, म्हणजे आपल्या विदर्भातल्या चिखलदऱ्याच्या निम्म्याहूनही कमी. परंतु डोंगराचा डोंगरपणा केवळ उंचीत नसतो. पायथ्याहून वेगळी हवा, पायथ्याहून वेगळी माती आणि पायथ्यापासून तुटलेले जीवन, या तीन गोष्टी जिथे असतात तिथे डोंगर आहे असे समजावे. त्या दृष्टीने जिवतीचे पठार पुरेपूर डोंगर आहे.

प्रथम हवेकडे पाहू.

आपला जिल्हा तापतो हे जगजाहीर आहे. पारा ४६-४७ अंशांवर गेला म्हणजे मुंबईची वर्तमानपत्रे चंद्रपूरची आठवण काढतात, एरवी काढत नाहीत. हा ताप का, याची कारणे सरळ आहेत. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम १९० मीटरांवर आहे, म्हणजे सखल. समुद्र चारशे किलोमीटरांहून दूर, म्हणजे त्याचा गार वारा इथवर पोचत नाही. आपण विसाव्या अक्षांशाच्या अगदी जवळ असल्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. त्यातच वायव्येकडून कोरडा, तापलेला वारा वाहत असतो. आणि आपले जंगल सागाचे. साग हा हिशेबी वृक्ष आहे. पाण्याची तूट पडली की तो पाने गाळून मोकळा होतो. जेव्हा सावलीची खरी गरज, तेव्हाच आपले जंगल उघडे पडते.

आता हीच हवा घाट चढून वर नेली तर काय होते? वर हवेचा दाब कमी. दाब कमी झाला की हवा फुगते, आणि फुगताना ती निवते. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी हे निवणे दर शंभर मीटरला जवळजवळ एक अंश इतके असते. दमट, ढगाळ हवेत ते निम्म्यावर येते, आणि म्हणून पुस्तकात हजार मीटरला साडेसहा अंश अशी सरासरी दिलेली असते. पायथा आणि पठार यांत अडीचशे-तीनशे मीटरांचा फरक धरला, तर भर उन्हाळ्यातल्या दुपारी दोन-तीन अंशांचा दिलासा मिळतो. दोन-तीन अंश म्हणजे काही थंड हवेचे ठिकाण नव्हे. पण ज्याने दिवसभर इथल्या चुनखडीच्या पांढऱ्या धुळीत काम केले आहे आणि संध्याकाळी जो घाटाच्या शेवटच्या वळणावर येऊन थांबला आहे, त्याला या दोन-तीन अंशांची किंमत विचारावी.

हिवाळ्यात मात्र एक गंमत होते. थंड हवा जड असते. निरभ्र रात्री पठारावरची जमीन निवते, तिला लागून असलेली हवा निवते, आणि ती पाण्यासारखी उताराने वाहत नाल्याच्या खोलगट भागात जाऊन साठते. म्हणून डिसेंबरातल्या पहाटे खोऱ्याच्या तळाशी धुके आणि हुडहुडी असते, आणि उताराच्या खांद्यावर त्या मानाने ऊब. वरच्या कोलामांचे कितीतरी गुडे नाल्याकाठी नसून टेकडीच्या खांद्यावर आहेत. पाण्यापासून इतके दूर का राहता, असे खालून गेलेला शहाणा माणूस विचारतो. पहाटे तिथे एक मुक्काम केला असता तर त्याने हा प्रश्न विचारला नसता. याला आणखीही कारणे असतील; शेताची राखण असेल, श्वापदांचे भय असेल. पण हवामानाची जाण पुस्तकांआधी पिढ्यान्‌पिढ्यांच्या घरबांधणीत उतरलेली असते, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे.

हवेचे इतके पुरे. आता पावसाकडे वळू, कारण आमची खरी तक्रार तिथे आहे.

राजुरा, कोरपना आणि जिवती या भागात वर्षाकाठी सरासरी हजार ते बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा कानावरून जाऊ देऊ नका. पुण्याच्या कितीतरी वर, सोलापूरच्या कितीतरी वर. याचा घरगुती हिशेब करून पाहा. एका चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की तो भरतो एक लिटर. म्हणजे हजार मिलिमीटर पावसात एक हेक्टर शेतावर एक कोटी लिटर पाणी पडते. पन्नास चौरस मीटरांचे एक साधे छप्पर घ्या. त्याच्यावर वर्षाला पन्नास हजार लिटर पाणी पडते. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्याला आणि स्वयंपाकाला दर माणशी वीस लिटर धरले, तर दिवसाला शंभर लिटर. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांना बारा हजार लिटर पुरे. म्हणजे त्या घराच्या डोक्यावरच त्याच्या टंचाईच्या चौपट पाणी पडून जाते. आणि त्याच घरातली बाई मे महिन्यात घागर घेऊन कोसभर चालते. हे का?

उत्तर जमिनीच्या पोटात आहे. आपण ज्या खडकावर बसलो आहोत तो चुनखडक. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी हा थर बसला. भूशास्त्रज्ञांनी त्याला आपल्या चांद्याचेच नाव दिले आहे. त्याच दगडावर इथले सिमेंटचे कारखाने उभे राहिले आणि १९८० नंतरच्या दशकात या गावाचे रूप पालटले. पण डोंगराच्या माथ्यावर वेगळाच खडक आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्रभर जो लाव्हा पसरला, त्याची पूर्वेकडची कड माणिकगडच्या डोंगरापर्यंत आली. तो काळा कातळ वर टोपीसारखा बसला आहे. या कातळाला अंगच्या पोकळ्या थोड्या. वरचा मुरमाचा पातळ थर आणि मधल्या भेगा एवढ्यातच काय ते पाणी मुरते. एखादे मडके आधीच भरलेले असावे आणि त्यावर घागर ओतावी, तसे श्रावणातल्या दुसऱ्या-तिसऱ्या जोराच्या सरीनंतर पठाराचे होते. उरलेले सारे पाणी नाल्यांनी खाली धावते. भेगांतून थोडे मुरलेले असते, ते उताराच्या मध्यावर झऱ्याच्या रूपाने पाझरत राहते. हाच झरा वरच्या वस्त्यांचा प्राण. दिवाळीत तो खळखळतो, होळीला पाझरतो, आणि मे महिन्यात नुसता ओलसर राहतो.

आणि खाली धावलेले पाणी कुठे जाते? इथेच, डोंगराच्या पायथ्याशी, अमलनाल्याच्या धरणात साठते. पलीकडे पकडीगुड्डमच्या धरणात साठते. त्यावर शेते भिजतात आणि पायथ्याची वस्ती जगते. रविवारी आपण मुलाबाळांना घेऊन अमलनाल्याच्या भिंतीवर पाणी पाहायला जातो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की तो डोंगराचा पाऊस आहे.

या डोंगरावर माणसे कोण आहेत, हेही पाहिले पाहिजे. नाहीतर हवामानाची चर्चा माणसांवाचून होईल, आणि तशी चर्चा करण्याचे आम्हांला कारण नाही. माणिकगडचा किल्ला माना नागवंशीय राजांनी बांधला अशी परंपरा आहे. पुढे तो गोंड राजांकडे आला. गोंड आणि कोलाम हे इथले जुने रहिवासी. कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास म्हणून गणलेल्या आदिम जमातींपैकी एक. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, आदिलाबाद जिल्ह्यातला. त्या राज्यात डोंगरउताराची जंगले राखीव झाली आणि उतारावरची फिरती शेती करणाऱ्या कोलामांना आपल्याच डोंगरावर परके व्हावे लागले. १९४० साली इथून फार दूर नसलेल्या जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम या गोंड वीराने लढता लढता प्राण दिला. जल, जंगल आणि जमीन ही घोषणा त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. पहिला शब्द ‘जल’ आहे, हे आम्ही आपल्या नजरेस आणू इच्छितो. त्या उठावानंतर निजाम सरकारला जाग आली, आणि हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने आदिलाबादच्या गोंडांचा आणि कोलामांचा अभ्यास केला. पुढे १९५६ साली राजुरा तालुका नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ साली चांद्यात. नकाशावरची हद्द तीनदा बदलली. झरा होता तिथेच राहिला आणि मे महिन्यात आटतही राहिला.

मग नवे लोक आले. १९६० नंतर, आणि विशेषेकरून १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे, मराठवाड्यातून कुटुंबेच्या कुटुंबे या डोंगरावर चढली. बंजारा, दलित आणि इतरही. बैलगाडीत संसार, मागे शेळ्या. त्यांनी माळ फोडले, कापूस-तूर-ज्वारी काढली. त्यांच्या जमिनीच्या कागदाचा प्रश्न, म्हणजे ती वनाची की महसुलाची हा वाद, अजून पुरता सुटलेला नाही. जमिनीला आपले म्हणता येत नसेल तर माणूस तिथे विहीर कशाच्या भरवशावर खोदणार? ही गोष्ट हवामानाच्या पुस्तकात नसते. पण टंचाईच्या कारणांत ती कातळाच्या खालोखाल येते.

त्या पिढीतले एक वृद्ध गृहस्थ आम्हांला एकदा घाटाच्या वरच्या अंगाला भेटले. आम्ही शाळेत भूगोल शिकवीत होतो आणि विद्यार्थ्यांना घेऊन दोन तापमापके एकाच वेळी वर आणि खाली ठेवण्याचा आमचा उद्योग चालला होता. मुलांनी आकडे टिपले, फरक निघाला, मुले खूश झाली. म्हाताऱ्याने सगळे शांतपणे पाहिले आणि म्हणाला, “गुरुजी, तिकडं पाऊस न्हवता म्हून आम्ही इकडं आलो. इकडं पाऊस हाय, तर पानी न्हाई. हे तुमच्या त्या काचंच्या नळीत दिसतंय का?”

आम्ही त्या दिवशी त्याला उत्तर दिले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे, असे म्हटले तरी चालेल.

त्याच फेरीत संध्याकाळी आम्ही एका झऱ्यावर गेलो. खडकाच्या बेचक्यात ताटाएवढे पाणी. एक बाई वाटीने ते उपसून घागरीत टाकीत होती. घागर भरायला पाऊण तास लागे, असे तिने सांगितले. तिच्यामागे सात घागरी रांगेत मांडल्या होत्या, आणि घागरींच्या मालकिणी शेजारी गोधड्या टाकून बसल्या होत्या. रात्री पाणी जास्त साठते म्हणून रात्रीची पाळी धरायची. एक लहान मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती. आमच्याबरोबरच्या मुलांपैकी एकाने तहान लागली म्हणून पाणी मागितले. त्या बाईने काही न बोलता वाटी पुढे केली. त्याने ती वाटी घटाघट पिऊन टाकली. आम्ही पाहत होतो; ती वाटी म्हणजे त्या बाईची दोन-तीन मिनिटे होती. उतरताना मुले गप्प होती. दोन तापमापकांनी जे शिकवले नाही ते त्या वाटीने शिकवले.

आता क्षणभर आपण फार लांब जाऊ, आणि परत येऊ. कारण आपल्या स्थितीची पारख दुसऱ्याची स्थिती पाहिल्यावाचून होत नाही.

लडाखमधले लेह हे डोंगरदरीतले, आडबाजूचे खरेखुरे उंच गाव. उंची साडेतीन हजार मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास; नवखा माणूस जिना चढला तरी धापा टाकतो. पावसाळी ढग हिमालयाच्या दक्षिण उतारावरच रिते होतात, म्हणून पलीकडच्या या दरीत वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून शंभर मिलिमीटरांच्या आसपास. आपल्या एका चांगल्या आषाढी झडीत जेवढे पडते, तेवढे त्यांचे वर्षभराचे. आणि तरीही त्या दरीत शतकानुशतके जव पिकला, जर्दाळू पिकला, माणसे नांदली. कशी? तर वरच्या बर्फाचे वितळलेले पाणी त्यांनी थेंबाथेंबाने सांभाळले. रात्रीचे पाणी साठवायला छोटी तळी बांधली. त्यांना तिकडे ‘झिंग’ म्हणतात. गावातला एक माणूस ‘छुरपोन’ म्हणून नेमायचा, आणि कुणाच्या शेताला केव्हा पाणी हे त्याने ठरवायचे. आपल्याकडे पोलीस पाटील असतो, तसा हा पाणी पाटील. पुढे त्याच भूमीतल्या छेवांग नोर्फेल नावाच्या सरकारी अभियंत्याच्या ध्यानात आले, की हिवाळ्यात पाणी वाया जाते आणि वसंतात पेरणीला ते मिळत नाही. त्यांनी १९८० नंतरच्या दशकात उतारावर बांध घालून हिवाळी पाणी गोठवून ठेवण्याची युक्ती केली. गावाजवळ, कमी उंचीवर साठलेला तो बर्फ लवकर वितळतो आणि पेरणी साधते. २०१५ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. सोनम वांगचुक यांनी पुढे २०१३-१४ च्या सुमारास बर्फाचे स्तूप उभे केले, ते याच विचाराचे पुढचे पाऊल.

लेहमध्ये सारे आलबेल आहे असा याचा अर्थ नव्हे. प्रवाशांची गर्दी वाढली, कूपनलिका वाढल्या, झरे बारीक झाले. २०१० सालच्या ऑगस्टात एका रात्री तिथे ढगफुटी झाली आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. पण आमचा मुद्दा वेगळा आहे. शंभर मिलिमीटरांची लेह पाण्याचा हिशेब ठेवून जगली, आणि हजार मिलिमीटरांचा आपला डोंगर तहानलेला राहिला. म्हणजे तहान केवळ आकाशावर अवलंबून नसते. आकाशातून येतो तो पाऊस. त्याचे पाणी करण्याचे काम माणसांचे असते.

कुणी म्हणेल, ते बौद्ध लोक, त्यांची जुनी परंपरा, आपल्याकडे ती कुठली? हे बरोबर नाही. चंद्रपूरला तुकूम नावाचा भाग आपण सर्वांनी पाहिला आहे. तिथून जाताना या नावाचा अर्थ काय असा विचार कुणी करतो का? जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखालची जमीन द्यायची, अशी गोंड राजांची पद्धत होती, आणि त्या देणगीला तुकूम म्हणत, असे सांगतात. वैनगंगेच्या बाजूला, झाडीपट्टीत, कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि शेताशेतांतल्या बोड्या आजही धानाला पाणी देतात. आपल्याच जिल्ह्याच्या एका अंगाला राजापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांनी पावसाला अडवून धरले होते. आपला हा पश्चिमेकडचा भाग मात्र निजामी सरहद्दीवरचा, डोंगराळ, आणि विरळ वस्तीचा. इथे ती परंपरा रुजली नाही.

आता काळही बदलला आहे. शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ या काळातल्या पावसाचा ताळा केला, तेव्हा मध्य भारतात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दिसले. म्हणजे पाऊस तेवढाच असला तरी तो थोड्या दिवसांत, मोठ्या झोताने येतो. पातळ मुरमाच्या पठारावर असा पाऊस म्हणजे दुहेरी नुकसान. मुरायला वेळ नाही म्हणून झरा भरत नाही, आणि वाहताना तो वरची मातीही घेऊन जातो. ती माती खाली धरणात बसते. म्हणजे डोंगराचे शेत आणि आपले धरण, दोघांचीही त्यात हानी.

यावर उपाय काय, असे विचारले म्हणजे तीन उत्तरे तयार असतात. टँकर, कूपनलिका आणि खालून वर पाणी चढवणारी नळयोजना. आम्ही तिघांनाही नावे ठेवीत नाही. तहानलेल्या माणसाला पाणी कशातून आले याचे सोयरसुतक नसते. पण टँकर घाट चढतो तो रस्ता नीट असेल तर. कूपनलिका कातळात खणली आणि भेग लागली नाही तर कोरडी जाते, आणि लागली तर झऱ्याचेच पाणी वरच्या वर ओढून घेते. नळयोजनेला वीज लागते, आणि विजेचे बिल भरणारा लागतो. जे पाणी आधी वरच होते ते खाली वाहू द्यायचे, आणि मग पैसे खर्चून पुन्हा वर चढवायचे, यात शहाणपणा किती, हे सुज्ञ श्रोत्यांनीच ठरवावे.

आमच्या मते पहिले काम वरचे पाणी वर धरण्याचे आहे. झऱ्याचे पाणी जिथून मुरते ती वरची जागा ओळखावी, तिथे समपातळीत चर खणावेत, तिथली झाडे तोडू नयेत आणि तिथे गुरे बसवू नयेत. नाल्यात जागोजाग लहान दगडी बांध घालावेत. शाळा, दवाखाना, ग्रामपंचायत यांच्या पक्क्या छपरांखाली टाकी असावी. हिशेब आपण मघाशी केलाच आहे. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे, म्हणजे छपरावरची घाण निघून जाईल, पुढचे साठवावे. प्रत्येक शाळेत एक पर्जन्यमापक ठेवावे आणि मुलांनी रोज सकाळी आकडा फळ्यावर लिहावा. ज्या गावाला आपल्या पावसाचा आकडा ठाऊक आहे, त्या गावाला ‘यंदा पाऊसच नव्हता’ असे सांगून कुणी परत पाठवू शकत नाही. आणि हे सारे करताना वरच्या माणसांना विचारावे. कोणता झरा शेवटपर्यंत टिकतो, हे तिथली म्हातारी सांगू शकते. खालून गेलेला अभियंता दोन दिवसांत सांगू शकत नाही.

हे वरच्या लोकांचे काम, मग गडचांदूरच्या मांडवात कशासाठी सांगता, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर देऊन आम्ही थांबणार आहोत.

आपण पायथ्याचे लोक. डोंगराने आपल्याला चुनखडक दिला, साग दिला, तेंदूपत्ता दिला, मजूर दिले, आणि पाणी दिले. यांपैकी पहिल्या चार गोष्टींचे काही ना काही मोल आपण दिले. कमी की जास्त हा वाद वेगळा. पाण्याचे मोल आपण कधी दिले नाही, कारण ते कुणी मागितले नाही. अमलनाल्याच्या भिंतीवर उभे राहून आपण म्हणतो, काय भरले आहे धरण! त्याच पाण्याचा वरचा धागा पकडून चालत गेलो, तर आपण त्या ताटाएवढ्या झऱ्याशी पोचतो आणि त्या सात घागरींशी पोचतो. ते दोन्ही एकाच पावसाचे आहेत.

म्हणून आमची या सभेला एकच विनंती आहे. येत्या पावसाळ्याआधी, या गावातल्या तरुण मंडळांनी, शाळांनी आणि व्यापारी बंधूंनी मिळून डोंगरावरचा एखादा गुडा निवडावा. एकच; फार नको. तिथल्या लोकांना विचारून त्यांच्या झऱ्यावरचे चर खणायला चार रविवार जावे. फावडे आपले, श्रम दोघांचे. त्यात उपकाराची भाषा नसावी, कारण हे उपकार नव्हेत. जुन्या देण्याचा हा पहिला हप्ता आहे. मंडळाने नाव विचारले तर आमचे पहिले लिहावे. वय झाले आहे, फावडे फार वेळ चालणार नाही, पण घागरींच्या रांगेत बसून पाळी राखता येईल.

त्या म्हाताऱ्याने विचारले होते, काचेच्या नळीत हे दिसते का. नाही, बाबा, दिसत नाही. दोन-तीन अंश तेवढे दिसतात. बाकीचे दिसण्यासाठी घाट चढून वर यावे लागते, आणि ते आमच्या फार उशिरा लक्षात आले.